चाळीस तास

ब्रायर फोर्क, केंटकी
८ ऑक्टोबर २०१७

कॉर्बिन,

फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो आणि पाचव्या मिनिटाला इथला सिग्नल जातो, त्यामुळे कोण जिंकलं तेही कळत नाही. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

आई बरी आहे असं तिने लिहायला सांगितलंय. ती बरी नाही. उजव्या टाचेला फोड आलाय, सप्टेंबरपासून. नवा बूट लागला म्हणते. साखरेच्या आजारात पाय जपायचे असतात हे मला कोणी शिकवायला नको, बावीस वर्षं डॉक कॉडिलच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलाशी बसतेय. पण बाई पाय बघू देईल तर ना. "माझा मुलगा डॉक्टर आहे, तो आला की त्याला दाखवीन." मी म्हटलं, तुझा मुलगा कॅन्ससमधल्या लोकांच्या टाचा बघतोय. त्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला.

गावात लोक मला विचारतात. या गावाने सारण भरलेल्या गोड पाई विकून विकून तुझ्या पहिल्या वर्षाची फी गोळा केली होती, सफरचंदाच्या पाई, भोपळ्याच्या पाई, विसरला नसशील. मी सगळ्यांना समजावते, की बाबांनो, पुढचं शिक्षण त्याने कर्ज काढून केलं, ते कर्ज आता सरकार फेडतंय आणि त्या बदल्यात तीन वर्षं डॉक्टर नसलेल्या गावात राहायचं अशी बोली आहे. सगळे मान डोलावतात. मग बर्था स्लोन विचारते, "अगं, मग आपलं गाव काय वाईट होतं?" मी काय सांगणार? म्हटलं, त्याने प्रयत्नच केला नसेल. डोंगर सोडून तिथली सपाट जमीन आवडली असेल त्याला.

डॉक चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले. परवा बर्थाचा रक्तदाब मोजता मोजता डुलकी लागली त्यांना. ती बिचारी पट्टा हाताला तसाच ठेवून वीस मिनिटं गप्प बसून राहिली.

आईने तुझ्यासाठी घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून पोर्चवर वाळत घातल्यात. खायला ये.

डेल्मा


ग्रेबर, कॅन्सस
१९ ऑक्टोबर २०१७

डेल्मा,

आधी टाच. तिचा मोजा तू स्वतः काढ. ओरडू दे, चावू दे. कडा काळी दिसली किंवा वास आला तर त्याच दिवशी लेक्सिंग्टनच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन जा. अडीच तासांचा रस्ता आहे, मला माहीत आहे. तरी जा. तिला पायात दुखत नसेल तर ती चांगली खूण नव्हे, तीच वाईट खूण आहे.

आता सपाट जमीन. इथल्या कॅफेच्या भिंतीवर एक पाटी आहे, "डॉक्टर : ६५१ दिवस". माझे उरलेले दिवस. रोज सकाळी मालक जुना आकडा पुसून एकाने कमी लिहितो. माझ्या आधीचे चार डॉक्टर आपापले दिवस भरून त्याच आठवड्यात निघून गेले, म्हणून ही पद्धत. तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. माझी नर्स मिसेस व्होल्मर दर शुक्रवारी बिरॉक म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव आणून देते आणि सांगते, "डॉक्टर, तुमच्यात जीव नाही गुंतवायचा असं मी ठरवलंय, पण उपाशी कशाला मारू?" अशा ठिकाणी मी हौसेने आलेलो नाही.

आणि प्रयत्न केला नाही म्हणतेस? अर्जावर पहिलं नाव ब्रायर फोर्कचंच होतं. त्यांनी कळवलं, त्या भागात डॉक्टरांची टंचाई नाही, तिथे पूर्णवेळ डॉक्टर आहे. आठवड्याला चाळीस तास. पूर्णवेळ कोण? डॉक? डॉक मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तीन-तीन तास बसतात, त्यातही झोपतात. दर वर्षी दवाखान्यांना फॉर्म जातो म्हणे, त्यावरून यादी ठरते.

नोंदणीच्या टेबलाशी तू असतेस. तुला यातलं काही माहीत आहे का?

कॉर्बिन


ब्रायर फोर्क
२ नोव्हेंबर २०१७

कॉर्बिन,

मोजा काढला. चावली नाही, पण माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे स्वतःचाही केला. फोड आता एका नाण्याएवढा आहे. कडा लाल आहे, काळी नाही. वास मला तरी आला नाही. डॉकनी भिंगातून बघून मलम दिलं. त्यांचे हात आता थरथरतात, पण आईला त्यांच्याबद्दल एक शब्द बोललेलं खपत नाही.

लेक्सिंग्टनला नाही म्हणते. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॉर्बिन येईल, मग बघू." तूच सांग, या बाईला मी खांद्यावर टाकून नेऊ?

सरकारी कागदांचं मला काय विचारतोस? इतके फॉर्म येतात की त्यांनी चूल पेटवली तर हिवाळा निघेल. कुणीतरी कुठेतरी चुकीचं लिहिलं असेल. सरकारी माणसं चुकत नाहीत की काय? शिकलेला तू आहेस, तू शोध.

आईने सणाला सहा थरांचा सफरचंदाचा केक करायचं ठरवलंय. तुला माहीत आहे, तो तीन दिवस मुरावा लागतो. म्हणजे ती तारीख धरून बसलीय.

डेल्मा


ग्रेबर
३० नोव्हेंबर २०१७

डेल्मा,

थँक्सगिव्हिंगला येता आलं नाही. ख्रिसमसलाही जमणार नाही. वर्षाला जेवढे दिवस गैरहजर राहायची मुभा असते तेवढे माझे संपले. उन्हाळ्यात न्यूमोनियाने काही खाल्ले, उरलेले कामात गेले. एक दिवसही जास्त झाला तर करार मोडतो आणि सगळं कर्ज दंडासकट माझ्या डोक्यावर येतं, इतकं की मी आईच्या वयाचा होईपर्यंत फेडत बसेन. नवीन दिवस ऑगस्टमध्ये मिळतील.

आईसाठी वेगळ्या बनावटीचे बूट पाठवलेत. तिला म्हणावं, मुलाने पाठवलेत, घाल.

टाचेचा फोटो काढून पाठव. लेक्सिंग्टनला गेलात का, एवढं तरी लिही.

कॉर्बिन


लेक्सिंग्टन
१४ जानेवारी २०१८

कॉर्बिन,

हे पत्र रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. गुरुवारी आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

सही मी केली. तिने करायला नकार दिला होता. म्हणत होती, "कॉर्बिनला विचारा." ताप डोक्यात गेला तेव्हा मी केली. तू पाठवलेले बूट घरी खोक्यात आहेत. त्यातला एक आता कुणाला तरी देऊन टाकीन.

ख्रिसमसच्या आठवड्यात बोटं काळी पडली. तिने आम्हाला कळू दिलं नाही. दोन मोजे घालून बसायची. तिला दुखत नव्हतं ना! तू बरोबर लिहिलं होतंस. शाबास, डॉक्टर.

आता माझं ऐक. रोंडा आठवते ना, आपली मामेबहीण? तिने नोव्हेंबरमध्ये तुझा ट्रक आपल्या केंटकीच्या राजधानीत बघितला. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सोमवारी, सरकारी कचेरीच्या आवारात. कॅन्ससची नंबरप्लेट, मागच्या काचेला तडा, आणि आत डोकं टेकून बसलेला तू. तिने हात केला, तू गाडी काढलीस. राजधानी आपल्या घरापासून तीन तास. तीन तास, कॉर्बिन! केक ओट्यावर मुरत होता, आई पोर्चवर ब्लँकेट घेऊन बसली होती, आणि तू तीन तासांवर येऊन परत फिरलास. त्यानंतर मला लिहितोस की दिवस "कामात गेले".

मी आईला सांगितलं. मुद्दाम सांगितलं, तिचे डोळे उघडावेत म्हणून. तर म्हणते, "रस्ता चुकला असेल पोरगा." या राज्यात जन्मलेला माणूस रस्ता चुकला!

मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून तुझं नाक पुसलंय. तुला एवढी कसली लाज वाटली आमची? तिथल्या बायका खिमा भरवतात म्हणून?

जखम नीट भरत नाहीये. येणार नाहीस हे आता मला कळलंय, पण निदान फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोल. वॉर्डचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. दुपारी चारनंतर ती जागी असते.

डेल्मा


ग्रेबर
२६ जानेवारी २०१८

डेल्मा,

सोबत पाच कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. नीट बघ. २०१३, १४, १५, १६, १७. "डॉक्टर आठवड्याला किती तास रुग्ण तपासतात?" पाचही वर्षं, चाळीस. खाली दवाखान्याचा शिक्का आणि तुझी सही. तुझ्या "ड"च्या पोटातली ती गाठ मी सहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. माझ्या शाळेच्या प्रत्येक चिठ्ठीवर ती असायची.

राजधानीत मी यासाठी गेलो होतो. त्या आधी दोनदा गेलो होतो, बदली मागायला. ब्रायर फोर्कला नेमा म्हणून हात जोडत होतो. माझे दिवस तिथे संपले, डेल्मा. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाला दया आली आणि त्याने फाइल माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "हा आकडा चुकीचा असेल तर आत्ता सांगा, महिन्याभरात गाव यादीत येईल. मात्र खोटी माहिती देणाऱ्यावर कारवाई होईल." मी सही बघितली. त्याला म्हणालो, मला माहीत नाही. म्हणजे त्या दिवशी मीही चाळीसच लिहिलं. मग ट्रकमध्ये जाऊन बसलो. त्या अवस्थेत घरी येऊन तुझ्या हातची कॉर्नब्रेड खाणं मला जमलं नसतं, म्हणून परत फिरलो.

ऑक्टोबरमध्ये मी तुला सरळ विचारलं होतं. तू लिहिलंस, सरकारी माणसं चुकत नाहीत की काय. त्या एका ओळीसाठी मी तुला कधी माफ करणार नाही. मी तिथे असतो तर ती टाच सप्टेंबरमध्येच बघितली असती. मलम आणि एक जाड मोजा, एवढंच काम होतं. तिचा पाय तू कापलास. रुग्णालयात सही केलीस ती दुसरी. पहिली सही ही.

तुला वाचवायला मी इतके दिवस तोंड शिवून बसलो आणि तू माझी लाज काढणारं पत्र लिहितेस. पुरे झालं. तू दिलेल्या नंबरवर काल, गुरुवारी, मी आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं. मुलगा रस्ता चुकला नव्हता, लेकीने रस्ता बंद केला होता, हे तिला कळायला हवं होतं. चाळीसचा आकडाही सांगितला.

ती फक्त "बरं, बाळा" म्हणाली. आता तुला जे काय सांगायचंय ते तिला सांग.

कॉर्बिन


ग्रेबर
८ फेब्रुवारी २०१८

डेल्मा,

काल पाद्रीबुवांचा फोन आला. शनिवारी आई गेली. मंगळवारी तुम्ही तिला पुरलंत. मला बुधवारी कळवलं.

चार दिवस. मी निघालो असतो. करार गेला खड्ड्यात म्हणून रात्रभर गाडी हाकत आलो असतो, हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू फोन केला नाहीस.

इथे लोकांना कळलंय. कॅफेवाल्याने आज पाटीवरचा आकडा पुसला नाही. कालचाच राहू दिला. परक्या माणसाला तेवढं सुचलं.

तिने शेवटी माझ्याबद्दल काय विचारलं? एवढंच लिही, मग पुन्हा लिहू नकोस.

कॉर्बिन


ब्रायर फोर्क
२४ एप्रिल २०१८

कॉर्बिन,

तुला मुद्दाम उशिरा कळवलं. पाद्रीबुवांना मीच सांगितलं होतं, माती पडेपर्यंत थांबा. त्याबद्दल माफी मागत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अडीच महिने लागले. आता सगळं ऐक.

पहिला फॉर्म २०१३ मध्ये आला. मी तो घरी आणला होता. किचनच्या टेबलावर भरत होते, आई समोर शेंगांचे दोरे काढत होती. मी म्हटलं, डॉकचे तास विचारलेत, सहा लिहावे लागतील. आईने हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, "तुझ्या बापाची छाती खाणीच्या धुळीने भरली तेव्हा हा माणूस रोज रात्री डोंगर चढून यायचा. जिवंतपणी त्याला कागदावर म्हातारा करायचा नाही. चाळीस लिही." मला पटलं. मी लिहिलं. कशासाठी विचारतात हे तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. वाटलं, मोजणीबिजणी असेल.

दुसऱ्या वर्षी एका बाईचा फोन आला, फॉर्म लवकर धाडा म्हणून. तिने सांगितलं, या आकड्यावरून गावांना नवे डॉक्टर मिळतात. तेव्हा मला कळलं. तेव्हा सुधारता आलं असतं. पण खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, खोटी माहिती दिल्यास शिक्षा. मी घाबरले. तू तेव्हा अजून शिकत होतास, वाटलं, पुढचं पुढे. पुन्हा चाळीस लिहिलं. मग दर वर्षी मागच्या वर्षाचं बघून लिहीत गेले. तू अर्ज केलास आणि नाकारला गेलास तेव्हा का, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "त्याने प्रयत्नच केला नसेल" हे मी बर्थाला सांगितलं ते सगळं माहीत असून सांगितलं. तुला वाईट ठरवलं की मला झोप लागायची.

आईला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मी तिला कधी कळू दिलं नाही. तिच्या तोंडून निघालेल्या एका आकड्याने तिचा मुलगा कॅन्ससला गेला, हे तिला कळू नये म्हणून मी तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या, तुरुंगातही गेले असते. चार वर्षांत मी केलेली तेवढी एकच चांगली गोष्ट होती. ती तू गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी मोडलीस. फोन मीच धरून दिला होता तिच्या कानाशी. आनंदाने धरला होता, की बाबा, केला शेवटी फोन.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "डेल्मा, तो तोच कागद का गं, शेंगांच्या वेळचा?" मी म्हटलं, नाही गं, तो दुसराच होता. ती म्हणाली, "लहानपणापासून खोटं बोलताना तू कानाची पाळी धरतेस." मी हात खाली घेतला. उशीर झाला होता.

जखम चढत होती. पाय गुडघ्याच्या वर कापायचं ठरलं होतं, सोमवारी. तुझा फोन येईपर्यंत ती तयार होती, "कॉर्बिन ऑगस्टला येईल, तोवर टिकायला हवं" म्हणत होती. शुक्रवारी तिने डॉक्टरांना सांगितलं, नको. शुद्धीत होती, तिच्याऐवजी सही मला करता आली नाही. मी पाया पडले. उरलेल्या एका पायाच्या पडले. ती म्हणाली, "मी स्वतःच त्याला घालवलं, आता कुठल्या तोंडाने त्याची वाट बघू?" तिने भिंतीकडे तोंड केलं. नऊ दिवस लागले.

तिने शेवटी तुझ्याबद्दल काय विचारलं? काही नाही. त्या फोननंतर तुझं नाव घ्यायची तिला हिंमतच झाली नाही. तुला मला मारायचं होतं, कॉर्बिन. नेम चुकला. तू चांगला डॉक्टर असशील, पण सांगण्याआधी एकदा मला विचारायचं होतंस.

या वर्षीचा फॉर्म गेल्या आठवड्यात आला. आज मंगळवार. मी तो डॉकच्या समोर ठेवला आणि विचारलं, तासांच्या रकान्यात काय लिहू? पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "सहा लिही. खरं तर पाच. एवढी काय घाबरतेस, मी म्हातारा झालोय हे मला माहीत आहे. सुटेन तरी. केव्हापासून वाटतंय, एखादा तरुण डॉक्टर मिळाला तर बरं."

मी सहा लिहिलं. दुपारीच पोस्टात टाकलं. मागच्या वर्षांचं काय ते विचारायला कोणी आलं तर मी दार उघडीन.

जुलैमध्ये आपलं गाव यादीत येईल. जागा निघेल.

तू अर्ज करू नकोस.

डेल्मा